‘लढाई संथ आहे’ म्हणजे नेमकं काय संथ आहे? खेळाडूंची मतं आकड्यांत कशी उतरवायची

प्रश्न थोडक्यात असा: टॅब-टार्गेट पद्धतीचा (आधी शत्रू निवडायचा, मग त्याच्यावर स्किल टाकायचं) ऑनलाइन मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेम आहे, बंद चाचणी झाली आहे आणि लढाईवर आलेली मतं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. काहींना लढाई संथ वाटते, काही म्हणतात की कळायच्या आत मरतो, काहींच्या मते नुसती बटणं बडवायची, डोकं लागतच नाही. टीममध्ये आता टॅब-टार्गेट मोडून ॲक्शन लढाई (स्वतः नेम धरून मारायची) करण्याचा विचार सुरू आहे. करावी का?

आत्ता करू नका. या तीन तक्रारी विरुद्ध दिसतात, पण त्या तीन वेगळ्या मापांबद्दल आहेत आणि एकाच गेममध्ये तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकतात. खेळाडूला दुखतंय कुठे हे तो बरोबर सांगतो. औषध मात्र तो शेवटच्या खेळलेल्या गेममधलं सुचवतो. म्हणून सुचवलेला उपाय बाजूला ठेवायचा आणि तक्रारीतल्या शब्दामागचा आकडा शोधायचा.

‘संथ’ हा सगळ्यात फसवा शब्द. त्यामागे किमान चार गोष्टी असतात: दोन स्किलमधला सक्तीचा वेळ, म्हणजे ग्लोबल कूलडाऊन, बटण दाबल्यापासून पडद्यावर काही हलेपर्यंतचा वेळ, एक शत्रू मारायला लागणारा वेळ, आणि दोन निर्णयांमधली रिकामी जागा. बहुतेक टीम पहिल्यावर हात घालतात, कारण तो आकडा एका फाईलमध्ये असतो. दोष मात्र बऱ्याचदा दुसऱ्यात किंवा चौथ्यात निघतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मूळ ग्लोबल कूलडाऊन १.५ सेकंदाचा, फायनल फँटसी १४ मध्ये २.५ सेकंदांचा, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये साधारण १ सेकंदाचा. ओल्ड स्कूल रूनस्केपचा तर सगळा गेमच ०.६ सेकंदाच्या टिकवर (सर्व्हरच्या ठोक्यावर) चालतो आणि त्यातला ४ टिकचा चाबूक २.४ सेकंदांनी एकदा वार करतो. तरीही त्या गेमचे जुने खेळाडू टिक मोजून प्रार्थना (तिथली एक प्रकारची स्किल्स) चालू-बंद करतात, आणि ती कसरत त्यांच्यासाठी जलद बोटांचाच खेळ असते. म्हणजे नुसता आकडा मोठा म्हणून लढाई संथ होत नाही. मधल्या वेळात हाताला आणि डोक्याला काम आहे का, यावर ते ठरतं. फायनल फँटसी १४ नव्या खेळाडूंना सुरुवातीच्या पातळ्यांवर संथ वाटतो आणि वरच्या पातळीवर तोच गेम बोटं दुखवतो. कूलडाऊन दोन्हीकडे तेवढाच असतो. फरक एवढाच की मधल्या फटीत टाकायची ग्लोबल कूलडाऊनबाहेरची स्किल्स सुरुवातीला हातात जवळजवळ नसतात.

तुमच्याकडे संथपणाची तक्रार पहिल्या काही तासांतल्या खेळाडूंकडून येत असेल, तर कूलडाऊन कमी करण्याऐवजी फटीत टाकायचं एखादं स्किल लवकर द्या. कूलडाऊन १.५ वरून १.२ केला तर मिनिटाला ४० ऐवजी ५० स्किल्स पडतात. नुकसान २५ टक्क्यांनी वाढतं, माना किंवा एनर्जी (स्किल टाकायला लागणारी शक्ती) २५ टक्के जास्त वेगाने खर्च होते, हीलरचा (साथीदारांना बरं करणाऱ्याचा) हिशोब कोलमडतो आणि मग प्रत्येक राक्षसाचं आयुष्य पुन्हा लिहीत बसावं लागतं. एका आकड्यासाठी तीन महिने जातात.

बटणाच्या प्रतिसादाचं मोजमाप सोपं आहे आणि आश्चर्य म्हणजे ते फार कमी टीम करतात. मोबाइलचा कॅमेरा २४० फ्रेमवर लावा, कीबोर्ड आणि पडदा एकाच चौकटीत घ्या, आणि कळ खाली गेल्यापासून पात्राच्या पहिल्या हालचालीपर्यंतच्या फ्रेम मोजा. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. आकडा १०० च्या आत असेल तर सहसा कुणी कुरकुरत नाही. १५० ओलांडला की ‘जड वाटतं’ असं ऐकू येऊ लागतं, आणि २०० च्या पुढे ‘चिखलात चालल्यासारखं’ वगैरे. हेच मोजमाप पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ३०, १०० आणि २५० अशा तीन परिस्थितींत करा. पिंग वाढताना पहिल्या हालचालीचा वेळही त्याच मापात वाढत असेल, तर तुमचा क्लायंट (खेळाडूच्या मशीनवरचा गेम) सर्व्हरच्या होकाराची वाट पाहत बसतोय. ॲनिमेशन, आवाज आणि कूलडाऊनचं चक्र क्लायंटवर ताबडतोब सुरू व्हायला हवं. वार लागला का आणि किती, एवढंच सर्व्हरने ठरवायचं. सर्व्हरने नाकारलं तर ॲनिमेशन मध्येच तोडून कूलडाऊन परत द्यायचा. हे दर शंभर वारांत एखाद्या वेळी झालं तर खपतं, पाच वेळा झालं तर खेळाडू त्याला बग म्हणतो आणि त्याचं बरोबर असतं.

ॲनिमेशनचा आकारही बघा. हात मागे नेण्याची तयारी ३०० मिलिसेकंदांची असेल तर पिंग शून्य असूनही वार उशिरा लागल्यासारखा वाटतो. खेळाडूच्या पात्रासाठी तयारी छोटी आणि वारानंतरचं सावरणं लांब ठेवा. राक्षसांसाठी नेमकं उलट.

यातच स्किल रांगेत लावण्याची सोय येते. कूलडाऊन संपायच्या थोडं आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून वेळ होताच स्किल टाकायचं. वॉरक्राफ्टमध्ये ही खिडकी मुळात ४०० मिलिसेकंदांची असते आणि खेळाडू ती बदलू शकतो. ती नसेल तर लोक बटण दहा वेळा ठोकतात आणि मग ‘बटणं बडवायची’ अशी तक्रार येते. जास्त लांब ठेवली तर वेगळीच अडचण होते: हीलरने आधी दाबलेलं स्किल निघतं, तोवर त्याचं मन बदललेलं असतं. २५० ते ४०० च्या दरम्यान सुरुवात करा आणि नंतर दाबलेलं बटण आधीच्याला रांगेतून काढेल असं ठेवा.

फटीतल्या स्किल्सना ॲनिमेशन लॉक (स्किल चालू असताना दुसरं टाकता न येणारा वेळ) असेल तर पिंगचा हिशोब कागदावर करून बघा. समजा ग्लोबल कूलडाऊन २.५ सेकंद, प्रत्येक स्किलचा लॉक ०.६, आणि एका मुख्य स्किलनंतर दोन छोटी बसवायची आहेत. तिघांचे मिळून १.८ सेकंद. लॉकची मोजणी सर्व्हरच्या उत्तरानंतर सुरू होत असेल तर प्रत्येकात पिंग मिळवा. १०० मिलिसेकंद पिंगवाल्याला २.१ सेकंद लागतात, तो आरामात बसतो. ३०० वाल्याला २.७ लागतात, म्हणजे प्रत्येक फेरीत ०.२ सेकंद वाया, आणि दर मिनिटाला २४ ऐवजी जेमतेम २२ मुख्य स्किल्स. हा खेळाडू ‘माझा क्लास कमजोर आहे’ असं लिहितो आणि तुम्ही क्लासला (पात्राच्या त्या प्रकाराला) बफ, म्हणजे जादा ताकद, देता. मग जवळच्या सर्व्हरवरचे लोक त्याच क्लासने सगळ्यांना धुतात. लॉक बटण दाबल्याच्या क्षणापासून मोजला की मूळ दुखणंच जातं.

आता ‘कळायच्या आत मरतो’. इथे आधी मृत्यूची नोंद लागते: मरण्यापूर्वीच्या १० सेकंदांतला प्रत्येक आघात, तो कुणी केला, किती झाला आणि त्या वेळी खेळाडूचं कोणतं बचावाचं स्किल तयार होतं. ही नोंद खेळाडूलाही दाखवा. निम्म्या तक्रारी तिथेच निवळतात आणि उरलेल्या निम्म्या एकदम नेमक्या होतात.

नोंदीत साधारण दोन चित्रं दिसतात. एकाच आघाताने तब्येतीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग गेला असेल, तर प्रश्न इशाऱ्याचा आहे. चार-पाच मध्यम आघात एका सेकंदात एकत्र आले असतील, तर प्रश्न गर्दीचा आणि दिसण्याचा आहे.

इशाऱ्याचा हिशोब असा बसतो. अपेक्षित असलेल्या एकाच दृश्यावर माणूस साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांत प्रतिक्रिया देतो. पण ‘हे काय आहे, डावीकडे जाऊ की ढाल लावू’ असं निवडायचं असेल तर ४०० ते ५००. त्यात जाऊन-येऊन पिंगचे १५० आणि डॉजचं (वार चुकवणाऱ्या उडीचं) रक्षण सुरू व्हायचे १०० मिळवा. ७०० च्या आसपास नुसता हिशोब जुळतो, चुकायला जागा उरत नाही. म्हणून नव्या खेळाडूला पहिल्यांदा दिसणारा जीवघेणा वार १.५ सेकंदापेक्षा कमी इशाऱ्यावर टाकू नये. अनुभवींसाठी तो १ सेकंदापर्यंत खाली आणता येतो. ५०० मिलिसेकंदांपेक्षा छोटा इशारा हा प्रतिक्रियेचा खेळ राहत नाही, तिथे पाठांतर लागतं. पाठांतराला माझा विरोध नाही, रेडमध्ये (मोठ्या गटाने खेळायच्या कठीण लढाईत) ते शोभतं. मात्र वाटेवरच्या लांडग्याने तशी परीक्षा घेऊ नये.

इशारा संपण्याचा क्षण आणि इजा ठरण्याचा क्षण एकच आहेत ना, हे तपासा. फायनल फँटसी १४ मध्ये जमिनीवरची खूण नाहीशी होते तेव्हाच कोण सापडलं हे ठरतं, स्फोटाचं ॲनिमेशन नंतर येतं. जुने खेळाडू हे पाठ करून स्फोट होण्याआधीच आत परततात, तर नवे म्हणतात, ‘मी बाहेर होतो, तरी लागलं.’ दोन्ही पद्धती चालतात. एकाच गेममध्ये काही वार खुणेवर आणि काही ॲनिमेशनवर ठरत असतील, तर मात्र शिकलेलं सगळं वाया जातं.

डॉजचाही अर्थसंकल्प असतो. गिल्ड वॉर्स २ मध्ये एंड्युरन्स (दम) १००, एका डॉजला ५०, आणि साधारण सेकंदाला ५ भरते. म्हणजे हातात दोन डॉज आणि मग दर १० सेकंदांना एक. अशी व्यवस्था असेल आणि बॉस दर ६ सेकंदांना डॉज करावाच लागेल असा वार टाकत असेल, तर पहिल्या अर्ध्या मिनिटात उत्तम खेळाडूचंही खातं रिकामं होतं. बॉसचं वेळापत्रक या आकड्यावरून उलट्या दिशेने लिहायचं असतं: दर १० सेकंदांना एक सक्तीचा वार, बाकीचे चालून टाळता येणारे.

आणि चिलखताची टक्केवारी. १०,००० तब्येत आणि ८० टक्के बचाव म्हणजे प्रत्यक्षात ५०,००० नुकसान सोसण्याची ताकद. ८५ टक्क्यांवर ती ६६,६६७ होते, ९० वर थेट १,००,०००. पॅच नोट्समध्ये ‘फक्त ५ टक्के’ लिहिलेलं असतं आणि टँकला (पुढे राहून मार सोसणाऱ्या पात्राला) ते ३३ टक्के किंवा ५० टक्के भेटतं. ‘टँक अमर आहेत’ आणि ‘टँक कागदाचे आहेत’ अशा दोन्ही तक्रारी एकाच आठवड्यात येतात त्या यामुळे. बचावाला उतरता लाभ देणारं सूत्र वापरा, सरळ टक्के मिळवत जाऊ नका.

पीव्हीपीमध्ये (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईत) ‘कळायच्या आत’ याचा अर्थ बहुधा ‘हलताच आलं नाही’ असा असतो. स्टनमागून स्टन (काही क्षण हलू न देणारा वार) लागला तर तब्येत कितीही असो, खेळाडू प्रेक्षक होतो. रुळलेला उपाय म्हणजे घटता परिणाम: त्याच प्रकारचं नियंत्रण पहिल्यांदा पूर्ण, दुसऱ्यांदा अर्धं, तिसऱ्यांदा पाव, मग काही सेकंद मुळीच नाही. प्रकार मोजके ठेवा. स्टन, भीती, झोप, गोठवणं या सगळ्यांना वेगळे खाने दिले तर चार मित्र मिळून एकाला वीस सेकंद उभा ठेवतात आणि नियम कागदावर शाबूत राहतो.

‘नुसती बटणं बडवायची’ ही तक्रार डमीसमोर (सरावाच्या पुतळ्यासमोर) तपासता येते. तीन बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) लिहा: एक यादृच्छिक बटणं दाबणारा, एक ‘जे तयार असेल त्यातलं सगळ्यात जड’ एवढाच नियम पाळणारा, आणि एक पूर्ण रोटेशन (स्किल्सचा सर्वांत फायद्याचा क्रम) जाणणारा. पाच-पाच मिनिटं मारू द्या. दुसऱ्याला तिसऱ्याच्या ९५ टक्के नुकसान जमत असेल तर तक्रार खरी आहे, विचाराला किंमतच नाही. ५० टक्केच जमत असेल तर उलटी तक्रार येणार, की गाईड वाचल्याशिवाय खेळताच येत नाही. माझ्या मते सामान्य क्लाससाठी ७५ ते ८५ हा पट्टा बरा, आणि गेममध्ये एखादा क्लास मुद्दाम ९० चा असावा. थकून आलेल्या माणसालाही खेळायचं असतं.

डमीवर सगळं ठीक दिसलं तर राक्षसांचं आयुष्य बघा. १.५ सेकंदाच्या कूलडाऊनमध्ये साधा शत्रू तीन बटणांत पडत असेल, तर बारा स्किल्सची रचना कुणाच्या नजरेलाच पडत नाही. त्याला ८ ते १२ सेकंद जगू द्या, म्हणजे पाच ते आठ निर्णय. मग संथपणाची तक्रार वाढेल अशी भीती टीमला वाटते. प्रत्येक निर्णयाने काही बदलत असेल तर ती वाढत नाही.

बटणं कमी करण्याच्या मोहाबद्दल सावध राहा. फायनल फँटसी १४ मध्ये २०२२ साली ६.१ पॅचमध्ये सामुराईचं कायतेन काढलं गेलं. ते पुढचा वार जड करणारं बटण होतं, आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या वाराआधी ते दाबलं जात असल्याने कागदावर निरर्थकच दिसत होतं. खेळाडू मात्र भडकले, कारण तलवार उपसण्याआधीचा श्वास त्या बटणात होता. वॉरक्राफ्टमध्ये २०१८ च्या विस्तारात आक्रमक कूलडाऊन स्किल्स ग्लोबल कूलडाऊनवर टाकल्यावर असाच ओरडा झाला आणि २०२० च्या विस्तारात त्यांतली काही परत बाहेर काढली गेली. संख्याशास्त्र अशा जागा दाखवत नाही. त्या खेळाडूच्या मतातच सापडतात, म्हणून आकड्यांच्या नादात मतं फेकूनही देऊ नका.

मत कुणाचं आहे, हे मताइतकंच महत्त्वाचं. प्रत्येक मतासोबत क्लास, पातळी, खेळलेले तास, सरासरी पिंग आणि फ्रेम रेट आपोआप जोडा. विरुद्ध वाटणारी मतं मग गटांत पडतात: संथ म्हणणारे बहुतेक दहाव्या पातळीखालचे, मरणारे २०० पिंगच्या वरचे, बडवणारे एकाच क्लासचे. सोडून गेलेले लिहीत नाहीत, त्यांच्या शेवटच्या १० मिनिटांची नोंद बघा. आणि प्रश्न बदला. ‘लढाई आवडली का?’ याला उत्तर येतं, पण त्यातून काही कळत नाही. ‘शेवटचे मेलात ते कशाने?’ असं विचारा आणि उत्तर नोंदीशी ताडून पाहा. दहापैकी सहा जण चुकीचं कारण सांगत असतील, तर नुकसानाचा आकडा न हलवता आधी पडदा सुधारा.

आता ॲक्शनकडे वळण्याचा मुद्दा. चालू गेमची लढाई मुळापासून बदलण्याचा इतिहास फारसा सुखाचा नाही. स्टार वॉर्स गॅलेक्सीजने २००५ मध्ये एप्रिलला एक आणि नोव्हेंबरला दुसरा फेरबदल केला, आणि जुन्या खेळाडूंचा मोठा भाग दुरावला. रूनस्केपने नोव्हेंबर २०१२ मध्ये लढाईची नवी पद्धत आणली. विरोध इतका झाला की फेब्रुवारी २०१३ मध्ये मतदान घेऊन ऑगस्ट २००७ च्या जतन केलेल्या प्रतीवरून जुना गेम वेगळा सुरू करावा लागला, आणि २०१४ मध्ये मूळ गेममध्येही जुन्या धाटणीचा लढाईचा पर्याय द्यावा लागला. आज त्या जुन्या गेममध्ये मोठा बदल ७० टक्के मतांशिवाय होत नाही. नवी पद्धत वाईट होती की नाही हा मुद्दाच नव्हता. लोकांच्या बोटांत वर्षानुवर्षं मुरलेली सवय एका पॅचने रद्द झाली होती. तुमचा गेम अजून चाचणीत आहे, त्यामुळे हा धोका लहान आहे. तांत्रिक खर्च मात्र तेवढाच.

ॲक्शनमध्ये प्रत्येक वाराला आकार लागतो, आणि तो कुणाला लागला हे ठरवताना सर्व्हरला मारणाऱ्याच्या पिंगइतकं मागे जाऊन सगळ्यांच्या जागा पाहाव्या लागतात. पाच जणांत हे सोपं आहे, शंभर जणांच्या वेढ्यात नाही. ईव्ह ऑनलाइन १ सेकंदाच्या टिकवर चालतो, नेमबाजी खेळाडूच्या हातात नाही, तरी मोठ्या लढाईत तिथला काळ मूळ वेगाच्या १० टक्क्यांपर्यंत मंद करावा लागतो. खर्च वाचवायला इजेचा निर्णय क्लायंटवर अवलंबून ठेवला तर काय होतं, ते २०२१ मध्ये न्यू वर्ल्डमध्ये दिसलं: गेमची खिडकी माउसने हलवत राहिलं की पात्राला इजा होईना. हीलरचा विचार तर सगळे शेवटी करतात. पळणाऱ्या मित्रावर नेम धरून उपचार करणं गंमतीचं वाटायला हवं, नाहीतर गट शोधणाऱ्यांच्या रांगेत हीलर उरत नाहीत.

मधला रस्ता गिल्ड वॉर्स २ ने २०१२ मध्येच दाखवला आहे: टार्गेट तसंच, पण चालता चालता बरीच स्किल्स टाकता येतात, काही जमिनीवर नेम धरून, डॉज सगळ्यांना, आणि बहुतेक पसरणारे वार एका वेळी पाचच जणांना लागतात. तुमच्या गाभ्यावर हे बसवायला इंजिन बदलावं लागणार नाही.

तुमच्यासाठी क्रम असा धरेन. आधी २४० फ्रेमची मोजणी आणि क्लायंटवर लगेच सुरू होणारं ॲनिमेशन. मग मृत्यूची नोंद. मग पहिल्या पाच पातळ्यांत फटीतलं एक स्किल आणि चालत टाकता येणारी दोन. डॉज त्यानंतर, कारण तो आला की प्रत्येक बॉसचं वेळापत्रक पुन्हा लिहावं लागतं. एका पॅचमध्ये यातलं एकच. नुकसानाचे आकडे हलवायचे तर ५ ते १० टक्क्यांच्या पायरीने. वेळेच्या खिडक्या मात्र लहान पायऱ्यांनी बदलू नका, १.० चा इशारा १.०५ केला तर कुणाला जाणवत नाही आणि सवय मात्र मोडते. वेळ बदलायचाच तर २०० ते ३०० मिलिसेकंदांनी बदला. बदलाचं कारण पॅच नोट्समध्ये एका वाक्यात लिहा. पहिल्या आठवड्यातली मतं गोळा करा, पण निर्णयाला वापरू नका. तोवर लोक जुन्याच तालावर बटणं दाबत असतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तेच तीन बॉट पुन्हा डमीसमोर उभे करा आणि त्याच पिंगच्या गटांना शेवटचे कशाने मेलात ते पुन्हा विचारा.